पोस्टिंगवर जाण्याआधी हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन घ्यावं का?

ऐरोलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा सैन्यात जवान आहे, महिनाभराच्या सुट्टीवर घरी आलाय. परत रुजू झाला की थोड्याच दिवसांत त्याची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी दक्षिण सुदानला निघणार आहे. मध्यंतरी रक्तदान शिबिरात त्याच्याच बराकीतल्या एका मित्राला हिपॅटायटिस बी निघाला. घरचे घाबरले. वाशीच्या एका केमिस्टने सांगितलं की तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन मिळतं, महाग आहे, पण संरक्षण लगेच सुरू होतं. लसीला सहा महिने लागतात. तर ते आताच देऊन टाकावं का, आणि ते इतकं चांगलं असेल तर सगळ्या तुकडीलाच का देत नाहीत, असं त्यांनी विचारलंय.

आधी थेट उत्तर. नुसतं जायचंय म्हणून हे इंजेक्शन देऊ नका. त्याची लस पूर्ण झाली आहे का आणि त्याच्या रक्तात अँटीबॉडीज किती आहेत, हे याच आठवड्यात बघा. लस झालेली नसेल तर जलद वेळापत्रकातले पहिले तीन डोस या सुट्टीत बसतात. तयार अँटीबॉडीजच्या इंजेक्शनची गरज वेगळ्या प्रसंगी लागते. तो प्रसंग आला तर मात्र तासांचा हिशोब असतो, तिथे चालढकल चालत नाही.

माझी नोकरीची बरीच वर्षं सैन्याच्या रक्तपेढ्यांमध्ये गेली, आता नौपाड्यात प्रॅक्टिस करते. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केमिस्टने सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. हे इंजेक्शन म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन. ज्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीज भरपूर आहेत अशा माणसांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातून, ते काढतात. घेणाऱ्याच्या शरीराला स्वतः काही तयार करावं लागत नाही, म्हणून याला पॅसिव्ह इम्युनायझेशन म्हणतात. आपल्या ठाणे जिल्ह्याला हे तत्त्व नवं नाही. शहापूर-मुरबाडकडे लावणीच्या दिवसांत फुरसं चावलं की दवाखान्यात जी सर्पविषाची लस म्हणून देतात ती खरं तर लस नसतेच. घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीज असतात. आपल्या अंबरनाथलाच तशी औषधं बनतात. कुत्रा खोल चावल्यावर जखमेत सोडतात ते रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, आरएच निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर देतात ते अँटी-डी, सगळे याच कुळातले. आणि यातलं कुठलंच आपण वर्षभराच्या बेगमीसाठी आधीच टोचून घेत नाही. मुरबाडच्या शेतकऱ्याला जूनमध्ये पावसाआधी सर्पविषाचं इंजेक्शन कोणी देत नाही.

कारण या अँटीबॉडीज उसन्या असतात, आणि उसनं सरतं. रक्तातलं त्यांचं प्रमाण साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं, सहा आठवड्यांत पावावर. तीन ते सहा महिन्यांत संरक्षण संपलेलं असतं. शांतिसेनेची पोस्टिंग बहुधा वर्षभराची. म्हणजे आज वाशीत हजारो रुपये मोजून घेतलेलं इंजेक्शन मुलगा तिथे जेमतेम रुळेपर्यंत ओसरायला लागेल, आणि शरीराने मधल्या काळात काहीच शिकलेलं नसेल. लसीचं उलट आहे. ती हळू चढते, पण एकदा पूर्ण प्रतिसाद मिळाला की शरीराची स्मृती दशकानुदशकं टिकते.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल केमिस्ट सांगत नाही. इंजेक्शननंतर कोणी रक्त तपासलं तर अँटीबॉडीजचा टायटर, म्हणजे त्यांच्या प्रमाणाचा आकडा, छान दिसतो. तो आकडा मुलाच्या कागदांत चढला की पुढचा डॉक्टर समजणार, हा सुरक्षित आहे. चार-पाच महिन्यांनी खरोखर रक्ताशी संबंध आला, कागद बघून कोणी काही केलं नाही, आणि अँटीबॉडीज तर तोवर संपलेल्या. शिवाय या प्लाझ्मातून अँटी-एचबीसी नावाची दुसरी अँटीबॉडीही आलेली असू शकते. ती एरवी प्रत्यक्ष संसर्ग होऊन गेल्याची खूण मानतात, त्यामुळे निरोगी मुलाच्या मागे विनाकारण तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागतं. आणखी एक गोष्ट, जी माझ्या दृष्टीने सैनिकासाठी लहान नाही: हे इंजेक्शन घेतलेल्याला आपल्या नियमांप्रमाणे वर्षभर रक्तदान करता येत नाही. दुर्गम ठिकाणी जखमी सहकाऱ्याला रक्त लागलं तर आजूबाजूचे जवानच दाते असतात. त्यातला एक धडधाकट दाता आपण घरबसल्या बाद करायचा का?

आता "सगळ्या तुकडीला का देत नाहीत" याकडे येते. सैन्याचा आणि या रोगाचा संबंध जुना आहे, आणि पॅसिव्ह इम्युनायझेशनबद्दल जे कळलं त्यातलं बरंच सैनिकांमुळेच कळलं आहे.

१९४२ मध्ये अमेरिकी सैन्याने लाखो जवानांना पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस दिली. लस टिकून राहावी म्हणून तिच्यात माणसाचा सीरम मिसळलेला होता. तो देणारे लोक वरवर निरोगी होते, पण काहींच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. तेव्हा या विषाणूचा पत्ताच नव्हता, त्यामुळे तपासणार कशी? लस टोचल्यावर दोन-पाच महिन्यांनी कावीळ सुरू झाली आणि जवळपास ५०,००० जवान रुग्णालयात दाखल झाले. अंतर इतकं होतं की कारण शोधायलाच वेळ गेला. विशिष्ट बॅचेस मिळालेल्यांनाच कावीळ होतेय हे दिसल्यावर सीरम घातलेली लस थांबवली. तो हिपॅटायटिस बीच होता हे पक्कं व्हायला १९८० चं दशक उजाडलं. त्या लढाईतल्या जुन्या सैनिकांचं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा खुणा सापडल्या. एकूण संसर्ग झालेले ३,३०,००० च्या आसपास असावेत असा अंदाज निघाला. त्यातले फारच थोडे कायमचे वाहक झाले. असं का, ते पुढे सांगते.

हे इथे लिहिण्याचं कारण आहे. तुमच्या मुलालाही दक्षिण सुदानला जाण्याआधी पीतज्वराची लस घ्यावी लागेल. इंटरनेटवर ही १९४२ ची हकिगत अर्धवट वाचून आई-वडील माझ्याकडे येतात आणि लस नको म्हणतात. आजच्या त्या लसीत माणसाचा सीरम नसतो. ती निर्धास्त घ्या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. आणि आज ज्या प्लाझ्मापासून इम्युनोग्लोब्युलिन बनतं त्याच्या तपासण्या होतात, विषाणू निष्क्रिय करण्याच्या प्रक्रियेतूनही तो जातो. तेव्हा मी "इंजेक्शन नको" म्हणते ते भीतीपोटी नाही, ते इथे उपयोगाचं नाही म्हणून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच प्लाझ्माचे घटक वेगळे करण्याचं तंत्र आलं आणि गॅमा ग्लोब्युलिन हाताशी आलं. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीवर, म्हणजे हिपॅटायटिस एवर, ते चांगलं चाललं. पुढे कितीतरी वर्षं परदेशी मोहिमेवर निघणाऱ्या पाश्चात्त्य सैनिकांना त्यासाठी ते देत. १९९१ च्या आखाती युद्धातही अमेरिकी जवानांना दिलं होतं. "सैनिकांना जाण्याआधी तयार अँटीबॉडीज देतात" ही ऐकीव गोष्ट बहुधा तिथून आली आहे. ती ए ची गोष्ट आहे, बी ची नव्हे.

बी च्या बाबतीत साधं ग्लोब्युलिन बेभरवशाचं निघालं. १९६० च्या दशकाच्या शेवटी कोरियात तैनात असलेल्या एक लाखाहून जास्त अमेरिकी सैनिकांवर त्याची मोठी चाचणी झाली. त्याच सुमारास शास्त्रज्ञ ब्लूमबर्ग यांना सापडलेला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणजे हिपॅटायटिस बीच्याच विषाणूचा अंश, हा उलगडा होत होता, त्यामुळे बी च्या अँटीबॉडीज मोजणं शक्य झालं. तेव्हा लक्षात आलं की परिणाम त्या ग्लोब्युलिनमध्ये बी विरुद्धच्या अँटीबॉडीज किती आहेत यावर ठरतो, आणि तो साठा कोणत्या दात्यांच्या रक्तातून आला त्याप्रमाणे प्रमाण बदलतं. मग मुद्दाम भरपूर अँटीबॉडीज असलेला प्लाझ्मा निवडून खास हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन बनवलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयांनी मिळून सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांवर त्याची चाचणी केली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष आले: साधं ग्लोब्युलिन घेतलेल्यांपैकी ५.९ टक्के लोकांना कावीळ झाली, खास ग्लोब्युलिन घेतलेल्यांपैकी १.४ टक्के. सुई टोचल्यानंतर लवकर दिलं तर ते काम करतं, हे तिथे सिद्ध झालं.

मग १९८१ मध्ये लस आली, १९८६ मध्ये जनुकीय तंत्राची लस आली, आणि चित्रच पालटलं. आपल्याकडे १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. अमेरिकी सैन्याने २००२ पासून प्रत्येक नव्या रिक्रूटला लस द्यायचं ठरवलं; सरसकट इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं कोणी ठरवलं नाही. बटालियनभर माणसांना वर्षभर पुरवायचं तर दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येकाला टोचावं लागेल, आणि इतका प्लाझ्मा आणायचा कुठून? हे औषध कारखान्यात हवं तितकं वाढवता येत नाही, ते माणसांच्या रक्तातूनच येतं.

आणि ज्याला ते खरोखर लागतं तो फार लहान असतो. आई हिपॅटायटिस बीची वाहक असेल तर जन्मल्यापासून शक्यतो १२ तासांच्या आत बाळाला लसीचा पहिला डोस आणि दुसऱ्या मांडीत हे इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं असतं. तैवानमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी दाखवलं की दोन्ही मिळून दिलं तर दहातली नऊ बाळं किंवा त्याहूनही जास्त वाचतात. न दिल्यास, आईच्या रक्तात विषाणू जोरात असेल तर बहुतेक बाळांना संसर्ग होतो, आणि बाळपणी संसर्ग झालेल्यांपैकी ९० टक्के जन्मभराचे वाहक होतात. पुढे चाळिशी-पन्नाशीत सिरॉसिस, यकृताचा कॅन्सर. निरोगी प्रौढांत मात्र कायमचे वाहक होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असतं. १९४२ चे ते बहुतेक जवान त्यामुळेच बरे झाले. कळव्याला, वाशीला, कुठेही रात्री-अपरात्री बाळंतपण झालं आणि फ्रिजमध्ये एकच कुपी शिल्लक असेल, तर ती कोणासाठी ठेवायची याबद्दल माझ्या मनात कधी शंका नसते.

आता बराकीतल्या मित्राबद्दल, कारण खरी भीती तिथून सुरू झाली आहे. एकत्र जेवल्याने, एका ताटात खाल्ल्याने, शेजारी झोपल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने हा रोग होत नाही. रक्तातून होतो, लैंगिक संबंधातून होतो, आईकडून बाळाला होतो. हा विषाणू चिवट आहे, सुकलेल्या रक्तातही आठवडाभर जिवंत राहू शकतो. म्हणून बराकीत नजर ठेवायची ती दाढीच्या ब्लेडवर, नेलकटरवर, टूथब्रशवर, आणि जत्रेत किंवा स्टेशनबाहेर एकाच सुईने दहा जणांना गोंदणाऱ्यावर. न्हाव्याकडे नवीन ब्लेड डोळ्यांदेखत लावून घ्यायची. हे सगळं खरं तर हिपॅटायटिस नसतानाही पाळायला हवं.

याचं एक उदाहरण मी प्रत्येक जवानाला सांगत आले आहे. स्वीडनमध्ये १९५७ ते १९६३ या काळात पाचशेहून जास्त लोकांना ही कावीळ झाली, आणि ते जवळपास सगळे एकाच खेळातले होते: नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावण्याच्या शर्यतीतले. ना इंजेक्शन, ना ऑपरेशन. काट्याकुट्यांनी पाय ओरबाडायचे, त्याच फांद्यांना मागून येणारा घासायचा, आणि शर्यत संपल्यावर सगळे एकाच पाण्यात रक्ताळलेले पाय धुवायचे. अंगभर कपडे सक्तीचे केले आणि धुण्याच्या सोयी बदलल्या, साथ आटोक्यात आली. जपानमध्ये एका शाळेच्या सुमो कुस्तीच्या क्लबमध्येही अशीच साथ आली होती. आपल्या जवानांचं आयुष्य याहून किती वेगळं आहे? जंगलातली गस्त, अडथळ्यांची कसरत, कुस्ती, बॉक्सिंग. ओरखडा झाकणं आणि टॉवेल स्वतःचा ठेवणं यात बरंच संरक्षण आहे, तेही फुकट.

त्या मित्राला मात्र वाळीत टाकू नका, मुलालाही तसं सांगा. आपल्या देशात हा विषाणू बाळगणारे सुमारे ३ कोटी लोक आहेत. ठाण्याच्या लोकलमध्ये तुम्ही रोज त्यांच्यातल्या कोणाशेजारी उभे राहता आणि तुम्हाला काही होत नाही. बहुतेकांना स्वतःलाच माहीत नसतं. या मुलाला रक्तदानाच्या निमित्ताने वेळेवर कळलं. त्याच्या यकृताच्या तपासण्या, विषाणूचं प्रमाण, गरज पडली तर टेनोफोविरची रोजची गोळी, सगळं सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून मोफत आहे, आणि त्याला तर सैन्याच्याच रुग्णालयात उपचार मिळतील. असे जवान तोंड लपवतात, आजार दडवतात, आणि मग सुरीने हात कापला तरी कोणाला सांगत नाहीत. धोका तिथे वाढतो.

तुमच्या मुलाने या मित्राचा ब्लेड गेल्या सात दिवसांत वापरला असेल, त्याचं रक्त याच्या उघड्या जखमेवर किंवा डोळ्यात गेलं असेल, तर माझं वरचं उत्तर बदलतं, आणि हे वाचत बसण्यापेक्षा आजच डॉक्टर गाठा. तसं काही नसेल तर पुढचं शांतपणे करा.

घरात त्याचं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधा. देशभरातल्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी पूर्णपणे येईपर्यंत २०११ उजाडलं होतं, त्यामुळे आज पंचविशीत असलेल्या मुलाला सरकारी दवाखान्यात ती मिळालीच असेल असं नाही. खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे मिळालेली असू शकते. सैन्यात भरती झाल्यावर दिली असेल तर नोंद असेल, मुलाला युनिटच्या एमआय रूममध्ये (तुकडीच्या दवाखान्यात) फोन करून विचारता येईल. त्याच वेळी तपासणीला रक्त द्या: एचबीएसएजी (विषाणू अंगात आहे का), एकूण अँटी-एचबीसी (संसर्ग होऊन गेलाय का) आणि अँटी-एचबीएसचा (संरक्षक अँटीबॉडीजचा) टायटर. ऐरोली-घणसोलीतल्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतं. फक्त टायटर "पॉझिटिव्ह" एवढं लिहून देतील तर घेऊ नका, आकडा मागा. १० किंवा त्याहून जास्त असेल, डोस पूर्ण झालेले असतील आणि बाकीच्या दोन्ही निगेटिव्ह असतील, तर मुलगा सुरक्षित आहे आणि पुढे सुई टोचली तरी त्याला इम्युनोग्लोब्युलिन लागणार नाही. लहानपणी तिन्ही डोस झालेत पण आकडा १० च्या खाली आलाय, असंही बऱ्याचदा दिसतं. घाबरू नका, एक डोस द्या आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. शरीराला जुनी ओळख असेल तर आकडा झपकन वर जातो.

लस मुळीच झालेली नसेल तर आज, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी असे तीन डोस घ्या. महिनाभराच्या सुट्टीत हे बरोब्बर बसतं. नेहमीचं वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिन्यांचं, पण ज्यांना घाईने निघायचंय त्यांच्यासाठी हे जलद वेळापत्रक आहेच. तिसऱ्या डोसनंतर महिन्याभरात साधारण तीन चतुर्थांश लोकांमध्ये संरक्षक पातळी येते, आणि बाराव्या महिन्यातला चौथा डोस घेतला की जवळपास सगळ्यांमध्ये. म्हणजे "लसीला सहा महिने लागतात" हे त्याच्या बाबतीत खरं नाही. इंजेक्शन दंडात द्यायचं. ढुंगणावर दिलेल्या लसीला प्रतिसाद कमी मिळतो, आणि अजूनही काही ठिकाणी तसं देतात, म्हणून सांगते. सिगरेट आणि सुटलेलं पोट यांनीही प्रतिसाद कमी होतो.

इम्युनोग्लोब्युलिन केव्हा लागतं ते मुलाने पाठ करावं. लस न झालेल्या किंवा अपुरी झालेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली, बाधित रक्त जखमेवर किंवा डोळ्या-तोंडात गेलं, बाधित जोडीदाराशी असुरक्षित संबंध आला. अशा वेळी धोका लहान नसतो. सुईतून एचआयव्ही होण्याचा धोका हजारात तीन धरतात. हिपॅटायटिस बीचा, लस नसलेल्या माणसाला, शंभरात ६ ते ३०. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. पिळायची नाही, स्पिरिट-ब्लीच ओतायचं नाही. डोळ्यात गेलं असेल तर साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. लगेच आरएमओला, म्हणजे तुकडीच्या डॉक्टरला, कळवायचं, लाज नको. ज्याचं रक्त होतं त्याची तपासणी, स्वतःचं रक्त आधी काढून ठेवायचं, आणि मग इम्युनोग्लोब्युलिन व लस एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी. २४ तासांच्या आत सगळ्यात चांगलं. सुईच्या बाबतीत सात दिवसांनंतर आणि संबंधांच्या बाबतीत १४ दिवसांनंतर देण्यात अर्थ राहत नाही. उसन्या अँटीबॉडीज आज सांभाळतात, तोवर लस शरीराला तयार करते. दोन्ही एकत्र दिल्याने लसीचा जोर कमी होत नाही.

लसीची दोन पूर्ण आवर्तनं होऊनही ज्यांचा आकडा १० वर जात नाही असे थोडे लोक असतात. त्यांच्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन हाच आधार: प्रसंगानंतर लगेच एक, महिन्याने दुसरं. आपण अशांतले आहोत हे त्या जवानाला आधीच माहीत असायला हवं आणि त्याच्या वैद्यकीय कागदांत वरच लिहिलेलं हवं.

प्रत्यक्ष देताना हे औषध कसं असतं तेही सांगते, कारण गडबड तिथेच होते. कुपी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवायची. मे महिन्यात गोखले रोडवरच्या दुकानातून घरी आणताना लोक ती थेट बर्फात खोचतात. गोठलं की औषध गेलं, पैसे गेले. आइस पॅकभोवती कापड गुंडाळून कुपी बाजूला ठेवायची. आतला द्रव दाटसर असतो, सुईतून सावकाश जातो. मात्रा वजनावर आणि त्या कंपनीच्या कुपीवर लिहिलेल्या एककांवर ठरते. सत्तर किलोच्या जवानाला ती एकूण चार-पाच मिलिलिटर भरू शकते, म्हणून खोल स्नायूत, गरज वाटली तर दोन जागी विभागून देतात. स्नायूत द्यायची ही कुपी शिरेतून कधीच नाही. पूर्वी रक्तघटकांची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल तर आधी सांगायचं. दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस त्यानंतर तीन महिने थांबवायची. पीतज्वराच्या लसीला ही अडचण नाही. रक्त आधी का काढून ठेवायचं ते आता लक्षात आलं असेल. इंजेक्शननंतरच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. सहा महिन्यांनी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी पुन्हा, तोवर संबंधात कंडोम; रक्तदान मात्र वर्षभर नाही.

एका नर्सिंग असिस्टंटचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. रात्रपाळीत सलाइनची सुई काढताना ती हातमोज्यातून त्याच्या बोटात गेली आणि रुग्ण हिपॅटायटिस बीचा होता. त्याने बोट धुतलं, खिशातली छोटी डायरी काढली आणि पहिल्या पानावरचा टायटर मला दाखवला. आकडा तीनशेच्या वर होता. मी नोंद केली, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी साठी त्याचं रक्त घेतलं आणि त्याला सांगितलं, बी साठी काही लागत नाही, ड्यूटी पूर्ण कर. तशाच एका प्रसंगात दुसऱ्या मुलाकडे काहीच नोंद नव्हती. सुट्टीचा दिवस, कुपी दुसऱ्या शहरातून मागवावी लागली, ती येईपर्यंत तो बाकावर मनगट धरून बसला होता आणि दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होता. इंजेक्शन वेळेत मिळालं, तो ठीक राहिला. पण ते सहा महिने त्याच्या घरच्यांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे.

तेव्हा मुलाच्या डायरीच्या पहिल्या पानावर रक्तगटाच्या खाली डोसच्या तारखा, टायटरचा आकडा आणि तो कधी मोजला ते लिहून द्या. रिपोर्टची एक प्रत एमआय रूममध्ये जमा करायला सांगा, एक घरी ठेवा. जलद वेळापत्रकाने लस सुरू केलीत तर चौथा डोस पुढच्या वर्षी याच महिन्यात येईल. तेव्हा तो कदाचित अजून तिकडेच असेल, त्यामुळे निघण्याआधीच आरएमओला तारीख सांगून ठेवायची. त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर मोजायचा आणि तो आकडा त्याच पानावर भरायचा.